दोन भावांमागचा तिसरा

बहादरपुरात कौतिकच्या मरणाचं साल कौतिक सोडून सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. थोरला भाईदास एकेचाळिसाव्या वर्षी पोटात पाणी होऊन गेला. मधला यादव त्याच वयात, तसाच. गाव म्हणे, भाऊ भावाला बोलावतो. गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण कौतिकला चाळिसावं लागलं आणि केळीला पाणी देताना त्याला मागे दोन माणसांची पावलं ऐकू येऊ लागली. तो वळून पाहत नसे. आई, धुरपदाबाई, दर अमावास्येला त्याच्यावरून लिंबू उतरवून वेशीबाहेर टाकून येई.

मग रक्तदानाच्या शिबिरात त्याचं रक्त नाकारलं गेलं. सहा महिन्यांनी पुन्हा तपासण्या झाल्या आणि शहरातल्या इतवारा पेठेतल्या डॉक्टरांनी कागद समोर ठेवले.

"हिपॅटायटिस बी. तेव्हाही होता, आजही आहे, म्हणजे जुना मुक्कामी आहे. लिव्हरचे आकडे नॉर्मल, विषाणू कमी, सोनोग्राफी साफ."

"मंग बरा झालो ना?"

"नाही. आज तो शांत आहे, एवढंच. उठला तर तुला काही दुखणार नाही, आधी रक्तात दिसेल. म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी. आकडे चढले की गोळी सुरू करू. भाऊ तसे गेले म्हणतोस, तर एकही खेप चुकवू नको."

"आला कुठून?"

"बहुतेक जन्मताना, आईकडून. तिचंही रक्त तपासायला हवं. आणि जेवणाखाण्यातून तो पसरत नाही, तेवढं घरी सांग."

भूत नव्हतंच, म्हणून कौतिकला हायसं वाटायला हवं होतं. पण परतताना रिक्षात तो आईला काय सांगायचं याचाच विचार करत होता. दोन लेक गमावलेल्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं, की हे तुझ्याकडूनच आलं? न सांगावं, तर तिला तपासायला न्यायचं कसं? शेवटी त्याने खोटं बोलायचं ठरवलं.

"माय, डाक्टर घरातल्या सगळ्याइचंच रक्त पाहतात. उद्या चाल."

भाकरी थापणारा धुरपदाबाईचा हात थांबला.

"मायकडून येते म्हने ते."

"तुले कोनं सांगितलं?"

"यादव गेला तवा, दवाखान्यातल्या डाक्टरनं. म्हने, धाकट्याचं रक्त तपासून घ्या. म्या नाही सांगितलं तुले. मंग तू माह्या हातचं खाल्लं नसतं. लोकं भूत म्हनत व्हते, म्या म्हनू देलं."

यादवला जाऊन आठ वर्षं झाली होती. आठ वर्षांत सोळा वेळा रक्त तपासून झालं असतं. कौतिकला तिची कीव आली, आणि तिचा असा राग आला की त्याचं त्यालाच भय वाटलं.

तिने भाकरी शेकली, वांग्याची भाजी वाढली, ताट त्याच्यापुढे सरकवलं. जेवणातून काही होत नाही, हे कौतिकला आता पक्कं ठाऊक होतं. भूकही लागली होती. धुरपदाबाई त्याच्या हाताकडे बघत राहिली. कौतिकने हात पुढे करायचा फार प्रयत्न केला. तो पुढे जाईना.