हात न लावता

"हात लावायचा नाही कुणी," अते कोन्स्वेलो म्हणाली, आणि पुढे सरसावलेले आमचे हात हवेतच थबकले.

रोलर कोस्टरची लाल गाडी फलाटाला लागली होती. तिची बैठक अतेच्या चाकाच्या खुर्चीपेक्षा चांगली वीतभर खाली होती.

"अगं, आम्ही काय परके आहोत?" धिप्पाड नेनिता म्हणाली. "चर्चच्या पायऱ्या कोण चढवतं तुला? जीपमध्ये कोण ठेवतं?"

"ठेवता ना? तेच म्हणते मी. तांदळाचं पोतं ठेवावं तसं."

"पोतं निदान गप्प तरी बसतं."

लुंबान गावातल्या एकाच कारखान्यात, अननसाच्या तंतूंपासून विणलेल्या झिरझिरीत कापडावर भरतकाम करणारी आम्ही माणसं. आमच्याकडे थोरल्या बहिणीला अते म्हणतात आणि कोन्स्वेलो आम्हा सगळ्यांचीच अते होती. लहानपणी पोलिओने तिच्या पायांतलं बळ नेलं. दर डिसेंबरात, एकाच रंगाचे शर्ट घालून, आमची सहल या उद्यानात येई. आणि दरवर्षी अते कुंपणाशी आमच्या पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसे. तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. आमच्या गावात दुसऱ्याचं ओझं दिसलं की खांदा आधी पुढे होतो, प्रश्न नंतर सुचतो. त्या मायेत आम्ही तिला उचलत राहिलो आणि तिच्या मनात काय आहे हे मात्र राहूनच गेलं.

आज दुपारी, अडोबोचा आंबटसर मांसाचा रस्सा आणि भात संपता संपता, ती शांतपणे म्हणाली होती, "या खेपेला मीही बसणार."

फलाटावरच्या मुलीने नियम सांगितला. "आम्हाला उचलायची परवानगी नाही, ताई. सोबतच्यांनी उचलावं, नाहीतर तुमचं तुम्ही बसावं."

"माझं मी," अते म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्यातल्या बुटक्या बांबूच्या बाजेवर उतरायची, ते पाठ टेकायला असावं असं आम्हाला वाटे; परत खुर्चीत मात्र आम्हीच तिला उचलून ठेवायचो. तिने एक तळवा गाडीच्या कडेवर रोवला, दुसरा खुर्चीच्या हातावर, आणि अंग सरकवलं. तेव्हा ती बाजेवर कसली तालीम करत होती ते मला उमगलं. मध्येच तिचा हात निसटला. कोपर लोखंडावर आदळलं. 

"धरा की कुणीतरी बाईंना," मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले.

नेनिता गर्रकन वळली. "तुम्हाला कसली घाई झालीय? रूळ काय पळून चाललेत?"

अते बैठकीत पोचली होती.

गाडी चढणीच्या माथ्यावर गेली तेव्हा दूरवर सरोवराची राखाडी रेघ दिसली, आणि मग ती खाली कोसळली. शेजारच्या नेनिताने ओळखीच्या साऱ्या संतांना हाका मारल्या. अतेने डोकंसुद्धा झुकवलं नाही. मागच्या आसनावरून मला फक्त तिची मान दिसत होती, वाऱ्याकडे ताठ वळलेली.

गाडी परत फलाटाला लागली, आणि जे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं ते समोर उभं राहिलं. उतरणं निभावलं होतं. आता तीच वीत चढायची होती.

तिने हातांवर जोर देऊन अंग उचललं, आणि ती पुन्हा खाली बसली. पुन्हा तेच. कपाळावरचे केस घामाने चिकटले.

"अते, एकदाच..." नेनिता पुटपुटली.

अतेने नुसतं तिच्याकडे पाहिलं. नेनिताने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि बोटांत बोटं गच्च अडकवली. मग आम्हीही एकेक करून हात मागे बांधले. आयुष्यात इतकं अवघड काही आम्ही केलं नसेल. फलाटावरच्या मुलीने पुढची रांग थोपवली आणि म्हणाली, "सावकाश होऊ द्या, ताई."

अतेचे दंड ताठरले. गळ्याची शीर फुगली. क्षणभर ती नुसत्या हातांवर तोललेली होती. आणि मग खुर्चीचं कातडं करकरलं.

टाळ्या वाजवायला कुणीतरी हात उचलले; नेनिताने डोळ्यांनीच ते खाली उतरवले.

अतेने श्वास जागेवर येऊ दिला. गुडघ्याखाली हात घालून एक पाय पायपट्टीवर ठेवला, मग दुसरा. विजारीची मुडपलेली कड सरळ केली.

"नेनिता, डोळे पूस. लोकांना वाटेल, तूच घाबरलीस."

"घाबरलेच होते मी."

"ऐकू आलं सगळ्या लागुना प्रांताला."

मग ती निघाली. उतारावर तिच्या तळव्यांखाली चाकं सावकाश फिरत होती. खुर्ची ढकलायला कुणी धावलं नाही. आम्ही सगळे, थोडं अंतर राखून, तिच्या चालीने मागून चालत होतो.