सोरा कमी घातला होता

साहेब, तुम्ही खोट्यावर शिक्का मारलात. येडशीच्या सिनेमाच्या तंबूत पडद्यावर पहिलीच पाटी आली, 'खरी हकीकत', आणि खाली तुमच्या सेन्सॉर बोर्डाची मंजुरी. ज्याची ती हकीकत, तो ज्ञानोबा मीच.

सिनेमात मी घोड्यावरून निजामाच्या करोडगिरी, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर चालून जातो. मला घोड्यावर बसता येत नाही. शेजारी बसलेला बंडप्पा म्हणाला, "नाना, घोडं कुठं बांधलंय? आमाला कधी दिसलं न्हाय." मी हसलो. घोड्याचं काही वाटलं नाही.

मग रझाकारानं दहा पावलांवरून बंदूक झाडली आणि गोळी माझ्या गळ्यातल्या ताइतावर आपटून पडली. तंबूभर टाळ्या. पुढं तेरखेड्याचा फटाके करणारा फकरुद्दीन आला, रझाकारांना हसत हसत बारूद पुरवताना. त्याचं नाव तेवढं खरं ठेवलंय.

आता ऐका. रझाकारांनी त्याला दरडावून बारूद करायला बसवलं, हे खरं. पण त्यानं बारूदीला जोर देणारा सोरा कमी घातला, कोळसा वाढवला. ठासणीच्या बंदुकीत असली बारूद नुसता धूर काढते. नाक्यावरच्या छाप्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाला, "नाना, बिनघोर जावा. छर्रा सदऱ्यात अडकंल."

तसंच झालं. छातीवर चार काळे-निळे डाग, बस्स. मी धावलो तो त्याच्या शब्दावर. ताईत मी जन्मात बांधला नाही.

चार दिवसांनी रझाकारांच्या ध्यानात आलं. त्याला घरातून नेलं, मढंसुद्धा दिलं नाही. पुढं पोलीस ॲक्शन झाली, मला हार पडले.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोच्या, सायराबीच्या, दारावर कुणीतरी शेण फेकलं. मी गेलो तर ती भांडी पोत्यात भरत होती.

"मी चावडीवर उभा राहून सांगतो, भाबी."

"सांगा की. लोक म्हणत्याल, नाना लई मोठ्या मनाचा, दुश्मनालाबी चांगलं म्हणतो."

मी सांगितलं. लोक अगदी तेच म्हणाले. वर कुणी ताईत दाखवा म्हणालं.

सायराबी म्हणते, "बाजारापस्तोर थांबते. मग सोलापूरला भावाकडं. ह्येंच्या हातची भट्टी हितंच ऱ्हाईल."

बाजार चार दिवसांवर आलाय. माझ्या तोंडापेक्षा तुमचा शिक्का मोठा ठरला, म्हणून तुम्हालाच विचारतो: ती पाटी काढणार की नाही? पोतं सोडायला सांगू का तिला? बाजाराच्या आत लिहून कळवा.