चिमूटभर मेण

मित्रांनो, ओळख करून द्यायची तर मी तराजू. भाजीवाल्याच्या हातात लोंबकळणारा नव्हे. लाकडी पेटीवर ताठ उभा राहणारा, पितळेचा, बशीएवढी दोन पारडी आणि मधोमध बारीक काटा असलेला. वय विचारू नका. घडवणाऱ्याने माझ्या दांडीवर साल कोरलं होतं, ते पुसून पुसून नाहीसं झालं, यावरूनच काय तो अंदाज करा.

मला घडवणारा कारागीर भारी हट्टी होता. माझी दोन्ही पारडी सारखी करायला त्याने तीन दिवस कानस चालवली. हलक्या पारड्याखाली पासंग, म्हणजे जास्तीचा एक तुकडा, चिकटवून दिला असता तर अर्ध्या दिवसात सुटला असता. बायको तसं म्हणालीसुद्धा. तो म्हणाला, "औषधाचा तराजू आहे गं. याला पासंग लावला तर मला जेवण जायचं नाही."

मग मी एका दवाखान्यात गेलो. तिथल्या कंपाउंडरच्या हाताखाली माझी उमेदीची वर्षं गेली. पांढरी, पिवळी, राखाडी अशी किती चूर्णं मी तोलली असतील! प्रत्येक वेळी तो आधी मला रिकामा थांबवायचा आणि समोरच्याला काटा दाखवायचा. लोक हसायचे. "कंपाउंडर, आम्ही काय सोनं घ्यायला आलोय?"

"सोनं कमी भरलं तर नुसता जीव जळतो," तो म्हणायचा. "इथे जातो."

पुढे तयार गोळ्या आल्या आणि माझं काम संपलं. कंपाउंडर निवृत्त झाला तेव्हा मला उशीच्या अभ्र्यात गुंडाळून घरी घेऊन आला. मी माळ्यावर गेलो. खालून त्याचा खोकला ऐकू यायचा. एक दिवस तो ऐकू यायचा बंद झाला. अंधारातल्या वस्तूला बातम्या अशाच कळतात.

मला खाली काढलं ते त्याच्या नातीने. आठ वर्षांची, हाडांचा नुसता सापळा. सांध्यांच्या तापातून उठली होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षभर शाळा नाही, घरीच शिकवा. बाबा ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर, त्यामुळे घरात ती आणि तिची आई. बोलायला लागल्यापासून ती "का? का?" करत सुटायची म्हणून आजोबांनी तिचं नाव कावळी ठेवलं होतं. ते चिकटलंच.

मित्रांनो, ते पहिले दोन महिने! कावळीने काय काय तोललं म्हणून सांगू? चप्पल जड की शब्दकोश? आठवड्याची कापलेली नखं किती भरतात? एकदा तिने धुतलेला मोजा माझ्या पारड्यात टाकला आणि तासातासाने वजन घेत दिवस काढला. वहीत आकडे लिहिले नाहीत. एक जिना काढला आणि प्रत्येक पायरीवर तो मोजा, वर गलेलठ्ठ, खाली येता येता रोडका. सगळ्यात खालच्या पायरीवर लिहिलं, "पाणी कुठल्या दाराने गेलं?" मी इतकी औषधं तोलली, पण असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

तेव्हा आई हसायची. मग शाळेतून जाडजूड पाकीट आलं. आत एक पुस्तक होतं, त्यात प्रयोग आणि मागच्या पानावर त्यांची उत्तरं. सोबत पत्र होतं. दर महिन्याला बाई घरी येऊन वही पाहतील. वर्षाअखेर वही पाहूनच ठरेल, चौथीत घ्यायचं की पुन्हा तिसरीत बसवायचं.

शेजारच्या काकू त्याच दिवशी विरजण मागायला आल्या होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "माझ्या पुतण्याला असंच घरी ठेवलं होतं. आता धाकटी मुलं त्याच्या पुढच्या बाकावर बसतात. तुमचं तसं होईल असं नाही हो म्हणत मी!"

विरजण घेऊन त्या गेल्या. आईने मात्र ते पत्र पुन्हा उघडून वाचायला घेतलं.

आईचं काम सांगायला हवं. पुस्तकं छापण्याआधी ती तिच्याकडे येतात आणि ती लाल पेनाने त्यातल्या चुका शोधते. कामात इतकी चोख की आजारी लेकीला औषध पाजता पाजता तिने बाटलीवरच्या लेबलातला अनुस्वार दुरुस्त केला होता. आता तोच लाल पेन कावळीच्या वहीवर आला. मोज्याच्या जिन्यावर एक तिरकी रेघ आणि शेजारी सुबक अक्षर: "चित्र नको. आकडे."

आई वाईट नव्हती, मित्रांनो. ती घाबरलेली होती. घाबरलेलं माणूस नियम फार करतं. पाकिटातल्या पत्रात लिहिलं होतं, मुलांच्या कुतूहलाला उत्तेजन द्या. तिने लगेच वेळापत्रकात घर आखलं: अकरा ते साडेअकरा, शंका, रोज पाच. एकदा पावणेअकराला कावळी धावत आली. "आई, आई, मुंगीला वजन असतं का?"

"अकराला विचार."

अकरा वाजेपर्यंत मुंगी निघून गेली होती. पंधरा दिवसांत कावळी पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून पाच प्रश्न उतरवून काढायला लागली. आईला वाटलं, पोर मार्गाला लागली.

मग साखरेचा प्रयोग आला. पेलाभर पाणी आणि कागदावर दोन चमचे साखर एकत्र तोलायची. मग साखर पाण्यात ढवळून विरघळवायची आणि पेला, कागद पुन्हा तोलायचे. उत्तर: वजन तेवढंच राहतं. कावळीने केलं. मी एक ग्रॅम कमी दाखवलं, कारण एक ग्रॅम कमी होतं. तिने तसं लिहिलं. लाल पेन म्हणाला, "चूक. पुन्हा कर." तिने पुन्हा केलं. मी पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा चूक. तिसऱ्या वेळी तिने पेला डाव्या पारड्यात ठेवला, माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "अरे, ऐक ना."

मी काय ऐकणार? मला एकच गोष्ट येते.

तिने मेणबत्तीचं चिमूटभर मेण मळून मऊ केलं आणि माझ्या डाव्या पारड्याखाली चिकटवलं. काटा मध्यावर आला. वहीत लाल अक्षरात उमटलं, "बरोबर. शाबास!"

ज्या कारागिराने तीन दिवस कानस चालवली, त्याच्या तराजूला पासंग लागला, तोही आठ वर्षांच्या पोरीच्या अंगठ्याने. मला राग आला नाही. मला भीती वाटली. कारण त्या दिवसापासून ती काट्याकडे बघेनाशी झाली. आधी मागचं पान उघडायची, मग मेण लावायची किंवा काढायची, मग लिहायची. वही स्वच्छ होत गेली. घरात "का?" ऐकू येईना.

बाई येणार त्याच्या आदल्या दुपारी ती मेण काढायला विसरली. आई मला पुसत होती. कंपाउंडरचीच लेक, तिने सवयीने आधी मला रिकामा थांबवला. काटा डावीकडे झुकला.

"गेला हा कामातून," आई म्हणाली. "रिकामाच झुकतोय. जुनी वस्तू, दुसरं काय! उद्या भंगारवाला आला की देऊन टाकू. तू राहिलेले आकडे पुस्तकातून उतरवून घे, कावळे. बाई काय तराजू तपासणार आहेत?"

कावळी लिहीत होती. पेन्सिलीचं टोक मोडलं. तिने ते उचललं नाही.

"तो खोटा नाहीये."

"काय?"

"तराजू. तो खोटा नाहीये. मी आहे."

तिने माझं पारडं उलटं केलं. मेणाच्या गोळीवर अंगठ्याच्या बारीक रेषा स्पष्ट उठल्या होत्या. इतक्या बारीक चुका शोधणारी आई त्या गोळीकडे बघत उभी राहिली.

"हे कशाला?"

"म्हणजे तू 'बरोबर' लिहितेस."

"अगं, तुझ्या आजोबांनी आयुष्यात कधी..." आईचा आवाज चढला.

"आजोबा बघायचे!" कावळीचा आवाज त्याच्याही वर गेला. "तूच सांगतेस ना? तू बघतच नाहीस. मी तीनदा केलं. तीनदा कमी आलं. तू एकदाही आली नाहीस बघायला!"

मग ती रडली. आई रडली नाही. तिने नखाने मेण खरवडून काढलं, पेला आणला, साखर आणली. "कर. मी बसते."

कावळीने केलं. एक ग्रॅम कमी.

"कुठे गेलं?" आईने विचारलं.

"तू सांग ना. काय यायला हवं?"

"मला माहीत नाही," आई म्हणाली. ती खरंच बोलत होती. कावळीने तिच्याकडे असं बघितलं, जणू घरात कोणी परकी बाई येऊन बसली आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बाई आल्या. आईने मेणाचे सगळे प्रयोग स्वतः खोडले होते. साखरेच्या पानावर कावळीच्या अक्षरात होतं, "चार वेळा केलं. एक ग्रॅम कमी. का ते कळलं नाही."

"पुस्तकात वेगळं आहे," बाई म्हणाल्या.

"हो. आमच्याकडे असं आलं."

"मग मी शेरा काय मारू?"

"तुम्हाला पटेल तो." आईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

बाईंनी लिहिलं, "अपूर्ण." खोडलेल्या पानांवर प्रश्नचिन्हं टाकली आणि म्हणाल्या, असंच चाललं तर चौथीचं अवघड आहे.

त्या गेल्यावर कावळी म्हणाली, "बघितलंस? मेण बरं होतं." आईने वही मिटून ठेवली. मित्रांनो, खरं सांगितलं की लगेच बरं होतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

तीन दिवस मला कोणी हात लावला नाही. चौथ्या सकाळी कावळी दुधात साखर ढवळत होती. तिने चमचा चाटला. पुन्हा चाटला. मग दूध तसंच टाकून उठली, एक कोरडा चमचा माझ्या पारड्यात ठेवला, वजन घेतलं. तोच साखरपाण्यात बुडवून पुन्हा ठेवला. मी सांगितलं, एक ग्रॅम जास्त.

"आई! चमच्याने नेलं! चमच्याने!"

आई धावत आली. "बरो..." एवढं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि म्हणाली, "दाखव."

चौथीचं अजून ठरलेलं नाही. आई अजून घाबरते, पुस्तकं अजून तपासते. पण वेळापत्रकातलं अकराचं घर तिने पुसून टाकलं आहे. कावळी पुन्हा तोलते, मात्र पहिल्यासारखी नाही. पारड्यात काही ठेवलं की काटा हलत असताना ती आधी आईचा चेहरा बघते, बरोबर की चूक ते तिथे वाचायला. ही सवय मेणासारखी नखाने निघत नाही.

म्हणून आईने एक युक्ती काढली आहे. कावळीने पारड्यात काही ठेवलं की ती पाठ फिरवून खिडकीशी उभी राहते. कावळी कधी खूप वेळ त्या पाठीकडेच बघत बसते. मी थांबतो. कधीतरी तिची मान वळते आणि ती माझ्याकडे बघते.

मित्रांनो, मला पॉलिश नको, कपाटही नको. तुम्ही काही करून बघत असाल आणि कोणी मोठं माणूस शेजारी उत्तर घेऊन उभं असेल, तर माझं नाव सांगा आणि म्हणा, जरा वेळ पाठ फिरवून उभे राहता का? आणि मोठ्यांनो, तुम्हीही हे वाचत असाल, तर रागावू नका. फार वेळ लागत नाही. काटा थांबेपर्यंतच.