पाच अँपिअर

तिने पेटीचं झाकण उचकटलं तसा जळक्या वार्निशचा वास खोलीभर पसरला. आतला ट्रान्सफॉर्मर काळाठिक्कर पडला होता. घरातल्या विजेचे बारा व्होल्ट करून देणारी ही पेटी बाबांनी स्वतःच्या हाताने बनवली होती. आईला ऐकू येईनासं झालं त्या वर्षी त्यांनी स्कूटरच्या इंडिकेटरचे सहा नारिंगी दिवे घरभर बसवले: स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, मागच्या दारापाशी. बेल दाबली की सहाही एकदम लागायचे. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने बाबांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि दारावरचं बटण काढून त्यांच्या डाव्या हाताशी बांधावं लागलं.

दीड वाजला होता. चारची बस तिला घेऊन निघायची होती. ती कंडक्टर होती, आजची फेरी मुक्कामी होती आणि रजा एकही उरली नव्हती. दिव्यांशिवाय या दोघांना सोडून जायचं कसं? मागे एकदा असाच फ्यूज उडाला, बाबांच्या घशात बेडका अडकला आणि आई मागे कपडे वाळत घालत राहिली. आत आली तेव्हा बाबांचे ओठ निळे पडले होते.

ती घाईघाईने कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात गेली. "बारा व्होल्टचं काहीतरी द्या, छोट्या दिव्यांसाठी," म्हणाली. दुकानदाराने एक अ‍ॅडॉप्टर दिला. तिने घरी येऊन त्याची पिन कापली, तारा सोलल्या, पिळल्या, चिकटपट्टी लावली. बटण दाबलं. दिवे निखाऱ्यासारखे क्षणभर धुमसले आणि विझले. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

फोन वाजला. दादा होता. तिच्या दोन्ही हातांत तारा होत्या म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

"अगं, जरा बाजूला जा. बाबा जवळच आहेत ना?"

"असू देत. त्यांना कुठे काय कळतंय!" ती वैतागून म्हणाली. "बोल."

"आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेत शुक्रवारी खाट रिकामी होतेय. ठेवू या त्यांना तिथे. तूही सुटशील, आईही सुटेल."

"मी तरी किती दिवस ओढू रे? माणूस राहिलंय कुठे, नुसतं ओझं झालंय," ती म्हणाली आणि तार दातांनी सोलू लागली. "शुक्रवार तर शुक्रवार. फोन ठेव आता, इथे मला मरायला फुरसत नाही."

खाटेवरून घशातली घरघर ऐकू आली. बाबांचा डावा हात उचलला गेला होता, पाचही बोटं ताठ.

"पाणी हवंय?" तिने ग्लास ओठांना लावला. त्यांनी तोंड मिटलं. पाणी मानेवरून ओघळलं. हात पुन्हा वर, पुन्हा पाच बोटं.

"बाबा, नका ना त्रास देऊ!" ती जवळजवळ ओरडलीच. "आज तरी नको!"

ती पुन्हा दुकानात गेली. "हा खराब आहे, दुसरा द्या." दुसरा थोडा मोठा होता. तो जोडला, तर दिवे पहिल्याहून थोडे जास्त वेळ लागले आणि गेले. घड्याळात पावणेतीन झाले होते. शेजारच्या मावशी गावाला गेलेल्या. ती जमिनीवर तशीच बसली.

खाटेच्या लोखंडी दांडीवर टक टक आवाज झाला. बाबा बटणाच्या कडेने दांडी ठोकत होते. तिने मान वर केल्यावर त्यांनी पंजा उघडला. पाच. मग एका बोटाने खाली दाखवलं, तिच्या पायाशी पडलेल्या जळक्या पेटीकडे.

तिने पेटी उचलली, उलटी केली. पदराने काजळी पुसली. पत्र्यावर बाबांच्या हातचं, खिळ्याने कोरलेलं अक्षर होतं: १२ व्होल्ट, ५ अँपिअर.

तिने ते मोठ्याने वाचलं. मग चप्पल न घालताच दुकानाकडे पळाली.

"पाच अँपिअरचा सप्लाय आहे?"

"आहे की." दुकानदाराने भोकं पाडलेला पत्र्याचा डबा काढला. "ताई, पहिल्यांदाच अँपिअर सांगायचं ना! मघाचे दोन्ही सेट-टॉप बॉक्सचे होते. सहा दिव्यांचा भार त्यांना कसा झेपणार? कोणी सांगितलं पाच?"

तिने पैसे ठेवले आणि डबा उचलला.

या वेळी तिने घाई केली नाही. मेन बंद केला. एकेक स्क्रू आवळताना ती खाटेकडे बघायची, आणि बाबा पापण्या मिटून होकार द्यायचे. लाल तार एकदा चुकीच्या जागी गेली तेव्हा त्यांनी दांडीवर टकटक केलं. तिने ती काढून शेजारी लावली.

तिने मेन चालू केला, बाबांनी बटण दाबलं. दिवे लख्ख लागले. मागच्या दारातून आई ओले हात घेऊन धावत आली.

"काय हो? काय हवंय?" आईचा आवाज नेहमीसारखाच मोठा.

बाबांनी मान हलवली, काही नको.

"लागले होय! कोणी केलं गं?"

"बाबांनी," ती ओठ नीट हलवत म्हणाली.

आईला त्यात नवल वाटलं नाही. "मग! त्यांचंच काम ते," म्हणत ती पदराला हात पुसत परत गेली.

खोलीत आता दोघंच होती. ती खाटेजवळ गेली.

"बाबा," ती म्हणाली, "मघाशी फोनवर मी..."

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

सव्वातीन वाजले होते. गणवेश खुंटीला तसाच लटकत होता. ती काही क्षण त्यांच्या पाठमोऱ्या डोक्याकडे, उशीवर चपट्या झालेल्या केसांकडे बघत उभी राहिली. मग वाकून तिने खाटेचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. लोखंड फरशीवर करकरलं. खाट भिंतीपासून हातभर सरकल्यावर ती अंग चोरून त्या फटीत शिरली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली, बाबांच्या तोंडासमोर.