उघडताना बाजूला उभे राहावे

"तुझ्याकडे तर रेग्युलेटर भिंतभर टांगलेले असतात," मंदाकिनीवहिनी फोनवर म्हणाली, "आणि सख्ख्या भावाला लावायला एकही

बसत नाही, असं कुसुम म्हणाली नव्हती. एक बसत होता. अडचण त्या एकाचीच होती.

शहर बंद होतं, संस्था बंद होती. गॅस मात्र बंद करता येत नव्हता. तळमजल्यावरच्या खोलीत काचेचे डिटेक्टर एकावर एक रचून ठेवलेले. दोन काचांच्या मध्ये वायूचा पातळ थर. आकाशातून आलेला एखादा कण त्यातून गेला की बारीकशी ठिणगी. प्रयोग थांबला तरी आतून काहीतरी वाहतं ठेवावं लागतं, नाहीतर दमट हवा शिरते आणि काच आतून खराब होते. म्हणून पोलिसांचा पास कुसुमकडे होता. रोज यायचं, आर्गॉन या निष्क्रिय वायूचा दाब बघायचा, शेवटच्या बाटलीतल्या तेलातून बुडबुडे येताहेत ना ते बघायचं, जायचं. बुडबुडे आले म्हणजे वायू शेवटपर्यंत पोचला.

"पाण्यातले बुडबुडे बघायचा पगार घेते आमची कुसुम," श्रीनिवासदादा पाहुण्यांना सांगायचा.

"तेलातले, दादा."

"मग बरोबर. सरकारी खात्यात तेल लागतंच."

तोच दादा आता बुधवार पेठेतल्या घरी उशांना टेकून बसला होता. आडवं होता येत नव्हतं. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा सकाळपासून उतरत होता. हॉस्पिटलात खाट कुठेच मिळत नव्हती. डॉक्टर फोनवर म्हणाले, मिळेल तो ऑक्सिजन लावा, पण आजच लावा.

ऑक्सिजन मिळाला होता. दादाचा जुना विद्यार्थी संपत, वाघोलीला त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप. त्याने टेम्पोतून दादाच्या घरी आणून दिला आणि तिथूनच फोन केला.

"ताई, टाकी वर चढवली बघा. पर वर लावायचा गेज न्हाई, तुमचा तो रेग्युलेटर."

"तुझ्या वर्कशॉपमधले कुठे गेले?"

"दोनच व्हते. दोन्ही गावात दोन घरी लागल्यात." तो थांबला. "काढून आणू का? तुम्ही म्हणा, आणतो."

कुसुमने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"न्हाई ना? मग तुम्हीच बघा कायतरी. तुमचंच काम हाय ते."

सिलिंडरच्या रांगेवर, भिंतीवर, लाल अक्षरांत: उघडताना बाजूला

भिंतीवर टांगलेल्यांपैकी बहुतेक ज्वलनशील वायूचे. त्यांचे आटे उलटे, डावीकडे फिरणारे. ऑक्सिजनला बसूच नयेत म्हणून मुद्दाम तसे केलेले. सरळ आट्यांचे दोन. एक दुरुस्तीला गेला तो मुंबईतच अडकला. दुसरा आर्गॉनवर लागलेला. तो ऑक्सिजनच्या सिलिंडरला घट्ट बसला असता.

गेल्या आठवड्यात आर्गॉन संपत आला. पुरवठा करणारा म्हणाला, मॅडम, आमच्या सगळ्या गाड्या हॉस्पिटलकडे. रविवारी कधीतरी सिलिंडर रिकामा झाला. दुपारी तापलेली नळी संध्याकाळी गार झाली, आतला वायू आक्रसला आणि रेग्युलेटरच्या नळीवर दाब सांभाळायला लावलेल्या छोट्या बाटलीतलं तेल उलटं वर चढलं. सोमवारी कुसुम आली तेव्हा बाटली कोरडी होती. तिने नळी उपटली, कचऱ्यात टाकली, नवी जोडली, कोपऱ्यात उरलेला एक अर्धा सिलिंडर लावला, तेल भरलं. तेल नळीत कुठवर चढलं होतं ते पाहिलं नाही. पाहायचं कारण नव्हतं. आर्गॉनला तेलाचं काही वाटत नाही.

ऑक्सिजनला वाटतं. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाच्या थेंबाला भेटला की पेटायला काडी लागत नाही.

तेल रेग्युलेटरपर्यंत पोचलं नव्हतं. नळी लांब होती, बाटली लहान. एवढ्याशा तेलाने निम्मी नळीसुद्धा ओली झाली नसेल. दादा संध्याकाळपर्यंत जरा आडवा होईल, उद्या वहिनीच्या भातावरून टोमणा मारील.

तेल रेग्युलेटरपर्यंत पोचलं होतं. नळी उपटताना बोटाला काहीतरी बुळबुळीत लागलं होतं, ते तिने पदराला पुसलं होतं. ते वरच्या टोकाला लागलं होतं की खालच्या?

दोन्ही परिच्छेद ती पुन्हा पुन्हा मनात वाचत होती. दोन्ही सारखेच खरे वाटत होते.

यज्ञेश्वर सर विभागप्रमुख. त्यांनी नाही म्हणावं, असं फोन लावताना तिला वाटत होतं.

"घेऊन जा," सर म्हणाले.

"सर, तो काढला तर आर्गॉन थांबेल. डिटेक्टर..."

"अहो कुसुमताई, डिटेक्टर पुन्हा बांधू. वाद कसला घालताय?"

"त्यात तेल गेलेलं असू शकतं, सर."

सरांनी पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद केला. मग, "तुम्हाला काय वाटतं?"

तीस वर्षांत सरांनी हा प्रश्न तिला पहिल्यांदाच विचारला होता. "धुऊन बघते," ती म्हणाली.

तिने डिटेक्टरच्या नळ्यांची दोन्ही तोंडं चिमटे लावून बंद केली. तेवढ्याने हवा काही दिवस थोपेल, कायमची नाही. बाटलीतला शेवटचा बुडबुडा वर येऊन फुटला, तो तिने मुद्दाम पाहिला नाही. रेग्युलेटर काढला, उघडला, सुटे भाग तेल विरघळवून उडून जाणाऱ्या ॲसिटोनमध्ये बुडवले. गाळणीचा पांढरा कागद आतून फिरवला. कागद पांढराच आला.

पण तेलालाही रंग नव्हता.

मग तिने भज्यांचा कागद धरतात तसा तो खिडकीतल्या उन्हात धरला. मधोमध एक पारदर्शक डाग. फोन वाजत होता. ती डागाकडे बघत राहिली. डाग आक्रसत गेला आणि उडून गेला; ॲसिटोनच होतं. पुन्हा धुतलं, पुन्हा कागद, पुन्हा ऊन. आत एक बारीक झडप होती, दाबून बसवलेली, कधीच न निघणारी. तिच्यामागे कागद जात नव्हता.

फोन घेतला तर वहिनी: "सरकारी वस्तू बाहेर न्यायची नाही, हेच ना? स्पष्ट सांग ना तसं. म्हणजे मी दुसरीकडे

पदर पाण्याने, साबणाने, पुन्हा पाण्याने धुऊन ती निघाली. पिशवीत कोरी नळी, कोरा प्रवाहमापक, कधी तेल न लागलेली काचेची बाटली. आणि तो. एरवी चालायला जागा नसलेल्या पेठेत शटरं ओढलेली, रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांपुढे कुत्री झोपलेली. चौकात पोलिसाने पास पाहिला, पिशवीत डोकावला.

"हे काय?"

"भावाचं आहे," ती म्हणाली.

सिलिंडर तिने खोलीत ठेवू दिला नाही. संपत आणि टेम्पोवाल्याने तो ओढत गॅलरीच्या टोकाला नेला. तिथून दारातून पलंगापर्यंत नळी. मध्ये वायू दमट करायला पाण्याची बाटली. वहिनी हे सगळं ओठ मिटून बघत होती.

"आत जा, वहिनी. स्वयंपाकघरात."

"का म्हणून?"

"जा म्हणते ना. संपत, तूही खाली जा."

ती दादाजवळ गेली. त्याच्या गळ्याजवळची कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती.

"दादा, ऐक. हा रेग्युलेटर स्वच्छ आहे की नाही, मला माहीत नाही. नसेल तर पेटेल."

त्याने एक श्वास घेतला. मग दुसरा. मग बोलला. "शक्यता... किती?"

"माहीत नाही."

"एवढी वर्षं... नोकरी. आणि... माहीत नाही."

"एवढंच खात्रीने सांगता येतं."

"आणि नाही... लावला तर?"

तिने त्याच्या बोटावरचं यंत्र त्याच्याकडे वळवलं. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

"तू तिथे... उभी राहणार?"

"कुणीतरी उघडायला हवा."

"मग नको," दादा म्हणाला. आणि मग, तिची पाठ वळलेली पाहून, उरलेल्या सगळ्या हवेनिशी, "कुसे, नको

गॅलरीत तिने आटे फिरवले. बसले. रेग्युलेटरचं तोंड स्वतःपासून वळवलं, हात लांब केला, चेहरा रस्त्याकडे फिरवला. लहानपणी सुतळी बॉम्ब दादा लावायचा. ती त्याच्या मागे, त्याच्या सदऱ्यात तोंड लपवून. आज पुढे कुणी नव्हतं. सिलिंडरची किल्ली तिने अगदी सावकाश फिरवली, झोपलेल्या माणसाच्या हातातून काही काढून घ्यावं तशी.

सूं.

काटा चढला. थांबला.

आणखी काही झालं नाही.

ती तशीच उभी राहिली, चेहरा रस्त्याकडे, हात किल्लीवर. आतून काचेच्या बाटलीचा आवाज येऊ लागला, गुडगुड, गुडगुड. हा आवाज तिला कुठूनही ओळखू आला असता. वायू शेवटपर्यंत पोचत होता.

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. नळीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, मग गॅलरीतल्या कुसुमच्या लांब केलेल्या हाताकडे. तिला काहीतरी कळलं असावं. ती पदर तोंडाशी धरून उंबऱ्यातच बसली.

ऊन कलेपर्यंत आकडा थोडा वर सरकला. फार नाही. दादाचे डोळे पाण्याच्या बाटलीवर होते.

"पगार... वाजवी आहे तुझा," तो म्हणाला.

कुसुमने रेग्युलेटरच्या पितळेला तळवा लावला. गार होतं. वायू वाहताना गारच व्हायला हवं. म्हणजे आत्ता काही नाही. म्हणजे मघाशी काही नव्हतं, असंही नाही. न निघणाऱ्या झडपेमागचा थेंब पहिल्या खेपेला शहाण्यासारखा वागला, एवढंच. काटा उतरत होता. हा सिलिंडर संपणार, दुसरा लागणार, तिसरा लागणार, आणि प्रत्येक वेळी तीच किल्ली पहिल्यांदा फिरवायची.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

"ताई!" संपतचा आवाज. "दुसरी गावली! आणू का वर?"

दादाने डोळे मिटून घेतले. वहिनी उठली, काही न विचारता स्वयंपाकघरात गेली आणि या खेपेला तिने आतून दार लावून घेतलं.

"आण," कुसुम म्हणाली. नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत, मग पुन्हा एकदा. कोरडे केले. आणि गॅलरीत जाऊन भिंतीला पाठ लावून

उभे राहावे.