भोंग्याआधीची उडी

पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत श्वास घ्यायलाच वेळ नसतो, मग विचार करायला कुठून असणार? म्हणून सगळा विचार आधीच करून ठेवायचा, असं मी माझ्याकडे शिकणाऱ्या पोरींना सांगायचे. सात वर्षं या अंतरात मी कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं, त्यामुळे माझा शब्द कुणी खोडून काढत नसे. माझी भाची तर नाहीच.

ती बहिणीची धाकटी. वयाच्या अटीमुळे कनिष्ठ संघात शिरायची ही तिची शेवटची संधी होती. अंतिम शर्यतीतल्या पहिल्या दोघींनाच घेणार होते.

"मावशी, तिसरी आले तर?"

"तर घरी जाऊन आईला भाजी निवडू लागायचं."

ती हसली आणि टोपी घालू लागली.

शर्यत सोडायला भोंगा वाजवणारे अधिकारी माझ्या काळापासून तेच. आम्ही त्यांना 'घड्याळ' म्हणायचो. "तयार" म्हटल्यावर ते नेमकं तेवढंच थांबत, ना कमी ना जास्त. त्या वेळात मनातल्या मनात 'दूध उतू गेलं' एवढं म्हणून व्हायचं. 'गेलं'ला पाय सोडला की भोंगा त्याच क्षणी वाजे. बाकीच्या ऐकून उडी मारत, मी त्यांच्याआधी पाण्यात. माझ्या निम्म्या पदकांमागे हे दूध होतं. आमच्या वेळी आधी उडी पडली, तरी एकदा माफ असे. नंतर नियम बदलला, पहिल्याच चुकीला बाद. ते मला ठाऊक होतं. तरी भाचीला मी तेच शिकवलं. दोन वर्षं रोज सकाळी भोंगा हातात घेऊन मीच घड्याळ व्हायचे.

त्या दिवशी प्रशिक्षकांना तलावाच्या कडेच्या पायऱ्यांवर बसवलं होतं. आठही मुली उडीच्या ब्लॉकवर चढल्या. तेवढ्यात घड्याळसाहेबांनी कमरेवर हात दाबला, तोंड वाकडं केलं आणि शेजारच्या तरुण बाईकडे भोंगा देऊन ते खुर्चीत बसले.

सकाळच्या लहान मुलांच्या शर्यती याच बाईने सोडल्या होत्या. सगळे दगडासारखे स्थिर होईपर्यंत ती थांबायची. तेवढ्या वेळात दूध उतू जाऊन चूलही विझली असती.

भाचीने हे पाहिलंच नव्हतं. टोपी कानांवर ओढलेली, नजर पाण्यात. हाक मारून काही उपयोग नव्हता. ती वाकू लागली. आणखी दोन क्षणांत ती एकटीच हवेत असती आणि संघ हातचा गेला असता.

माझ्या हातात स्टीलची पाण्याची बाटली होती. ती मी पायऱ्यांवरून खाली फेकली. ठण, ठण, ठण करत ती तळाशी गेली आणि सगळं सभागृह माझ्याकडे वळलं.

"सगळ्या मागे या," भोंगेवाली बाई म्हणाली.

मुली ब्लॉकवरून उतरल्या. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी आधी त्या बाईकडे बोट दाखवलं, मग माझ्या कानाकडे. तिला कळलं. तिने टोपी कानांवरून वर सरकवली.

घड्याळसाहेब कमर धरून माझ्यापर्यंत आले. "बाई, बाटली हातातून निसटली का?"

हो म्हणाले असते तर त्यांनी सोडूनही दिलं असतं. "नाही. टाकली."

"तुम्ही? एवढी वर्षं इथे काढून?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "मग दार तिकडे आहे."

बाहेर बोळात क्लोरीनचा वास आणि ओली फरशी. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आत "तयार" ऐकू आलं. दूध उतू गेलं. भोंगा नाही. कुणी पाण्यात पडल्याचा आवाजही नाही. मग भोंगा, धाडधाड उड्या, आणि लोकांचा असा कल्ला, की त्यात काही म्हणजे काही कळेना. सत्तावीस-अठ्ठावीस सेकंद. त्यांच्याइतके लांब सेकंद मी पाण्यात कधी काढले नाहीत.

ती टॉवेल गुंडाळून बाहेर आली. केसांतून पाणी गळत होतं.

"कितवी?"

"तिसरी. बोटभर राहिलं."

"उडी?"

"सगळ्यात शेवटची." ती समोरच्या बाकावर बसली. "भोंगा वाजला, मावशी. ऐकलासुद्धा. पण पाय हलेनात. भोंगा ऐकून उडी मारायची मला सवयच नाही. तू मला कधी ऐकायला लावलंस?"

मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"बाटली टाकली नसतीस तर बाद झाले असते, ते कळतंय मला," ती म्हणाली. "पण माझ्याहून सावकाश पोहणाऱ्या दोघी संघात गेल्या. आईला मी सांगणार नाही. तू सांग. आणि सगळं सांग."

"सांगते."

प्रेक्षकांत बसलेली बहीण गर्दीतून वाट काढत आमच्याकडेच येत होती. "अगं, काय झालं? तुला बाहेर का काढलं?"

"बस आधी," मी म्हणाले आणि दुधापासून सुरुवात केली.