खारीतल्या खलाचा तडा

मी एक जुना दगडी खल आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड कहाणीची अपेक्षा ठेवू नका. माझा जन्मच मारातून झाला. पाथरवटाने छिन्नी-हातोड्याने माझे पोट कोरले आणि पुढे चाळीस वर्षे भाईंदरच्या खारी गावात मंदाआजीने लोखंडी बत्त्याने मला बदडले. मी कधी तक्रार केली नाही. ठेचणे, चिरडणे हेच माझे काम, आणि त्याचा मला माज होता.

खाडीकाठच्या एका वेलीची कडू पाने आजी माझ्यात कुटायची. वेलीचे नाव सांगणार नाही, नाहीतर तुम्ही लगेच तोडायला धावाल. ताप आलेल्याला दोन पानांचा रस, तोही पाण्यातून, एकदाच. असा तिचा नेम होता.

आजीची नात क्षितिजा काशीमीऱ्याला एका प्रयोगशाळेत काम करायची. झाडपाल्याचा अर्क तापाच्या विषाणूला मारतो का, हे तिथे जिवंत पेशी वाढवलेल्या छोट्या ताटल्यांत तपासत. माझ्यात कुटलेला पाला तिने तिकडे नेला. मग एका संध्याकाळी ती धावतच घरी आली.

"आजी, तुझ्या पाल्याने व्हायरस मेला! एकपण नाय उरला!"

"मंग? मी काय खोटं सांगत व्हते?" आजी म्हणाली आणि तिने मला धुऊन पुसून ओट्यावर मांडले.

तेव्हा खारीत घरोघर ताप होता. बातमी फुटली आणि लोक वाट्या घेऊन दारात उभे राहिले. आजीने आपला नेम मोडला. ओंजळी ओंजळी पाला माझ्यात पडू लागला. बत्ता असा आदळायचा की माझ्या कडेचे टवके उडाले. खरे सांगतो, मला फार आनंद झाला. शेजारच्या शिवाची बायको ममता तीन दिवस वाटीभर रस प्यायली.

चौथ्या दिवशी क्षितिजा रिक्षातून उतरली ती ओरडतच. "आजी, थांब! कोणाला देऊ नको!"

तिने त्या दिवशी दुसरी ताटली पाहिली होती. त्या ताटलीत विषाणू घातलाच नव्हता. नुसत्या निरोगी पेशी आणि आमचा रस. त्याही सगळ्या मेल्या होत्या. विषाणू पेशीतच जगतो; तो ज्या घरात राहतो, ते घरच आम्ही पाडले होते. आणि ही ताटली बघायच्या आधीच ती बातमी देऊन मोकळी झाली होती.

तेवढ्यात शिवा आत घुसला. "ममता रक्त ओकतेय! डॉक्टर बोलतात लिव्हर गेलं. काय पाजलंस गं म्हातारे?" त्याने बत्ता उचलला आणि आजीच्या डोक्यावर उगारला.

क्षितिजा मध्ये पडली. "तिला नको, शिवादादा! मी अर्धंच सांगितलं. मला मार!"

बत्ता तिच्या मनगटावर बसला. चिरडण्याचे सगळे आवाज मला ठाऊक आहेत. तो हाडाचा होता. पुढचा घाव माझ्यावर पडला आणि मी तळापर्यंत तडकलो. शिवा तिथेच खाली बसून हंबरडा फोडू लागला.

ममता दोन दिवसांनी गेली. आजीने मला पुन्हा हात लावला नाही.

आता मी प्रयोगशाळेच्या टेबलावर असतो. कोणी "व्हायरस मेला!" म्हणून नाचायला लागले, की क्षितिजा तो वाकडा हात माझ्या तड्यावर ठेवते आणि विचारते, "आणि पेशी?"

मित्रांनो, तुम्हीही विचारत जा. कोण मेले ऐकलेत, तर सोबत आणखी कोण मेले तेही विचारा. ममताने विचारले नाही. तिने नुसती वाटी पुढे केली, कारण तिचा आमच्यावर विश्वास होता.